पोच्याची बाजू

फ्रिज दारातून आत आला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा राहिला, हमालांनी त्याच्या अंगावरचा पुठ्ठा ओरबाडून काढला... आणि घरातल्या चारही माणसांचा श्वास एकदम अडकला.

जी बाजू भिंतीला लागून जन्मभर गुमान राहणार होती, ती सगळ्या घराकडे पाहत उभी होती. तिच्या मधोमध पोचा होता. लहानसहान नव्हे, एखाद्या रागीट माणसाने गुडघा हाणावा तसा खोलगट, चांगला थाळीएवढा. आणि भिंतीकडे गेली होती ती दुसरी बाजू... गुळगुळीत, नितळ, निष्कलंक! तिचं ते सौंदर्य आता फक्त भिंतीला दिसणार होतं.

"हे असं कसं झालं?" सासूबाईंनी विचारलं.

आणि त्या घराच्या शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं.

वहिनी म्हणजे या घरची सून. खरं तर ती फक्त धाकटीची, म्हणजे नणंदेची वहिनी. पण लग्न होऊन आली आणि सगळ्यांचीच वहिनी झाली. सासूबाई तिला वहिनी म्हणत, दूधवाला म्हणे, आणि चारचौघांत नवराही "ते वहिनीला माहीत" असं म्हणून मोकळा होई. फ्रिजची निवड तिने केली नव्हती, माप तिने घेतलं नव्हतं, पोचा तर नक्कीच तिने पाडला नव्हता. तरी सगळ्यांच्या नजरा आल्यावर तिने सवयीने पदर सावरला आणि म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं बहुतेक."

हे वाक्य तिने या घरात इतक्या वेळा उच्चारलं होतं, की ते तिच्या तोंडून आपोआप येई, शिंक यावी तसं.

आता नवऱ्याविषयी सांगायला हवं. त्याला सगळी वस्ती 'पारखी' म्हणून ओळखे. तो विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करायला जाई. कुणाची गाडी ठोकली गेली, कुणाचं गोदाम भिजलं, की हा हातात टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन हजर. नुकसान भरून देणं हे कंपनीचं काम होतं. ते मुळात कसं फारसं झालेलंच नाही, किंवा झालं असलं तर ते मालकाच्याच निष्काळजीपणामुळे कसं झालं, हे शोधणं पारख्याचं. स्वतःची चूक निघाली की दावा बाद. या कामात त्याचा हातखंडा होता, आणि कंपनीने त्याला दोनदा शाल देऊन गौरवलं होतं. अर्थात, शालींना कुठे ना कुठे कसर लागलेली होती. पण त्याची तक्रार कुणाकडे करणार?

घरात एकही वस्तू पूर्ण किमतीची नव्हती. कपाटाचा आरसा कडेला तडकलेला, म्हणून स्वस्त. पंखा पिवळट पडलेला, म्हणून स्वस्त. जेवणाच्या टेबलाचा एक पाय किंचित आखूड, म्हणून फारच स्वस्त. त्याच्याखाली घडी करून ठेवलेला पुठ्ठा सासूबाई दर आठवड्याला बदलत. पारख्याचे खरेदीचे नियम होते, आणि खरं सांगायचं तर ते वाईट नव्हते. नवा माल यायच्या आधी जुना माल काढायची दुकानदाराला घाई असते, तेव्हाच जायचं. दुकानात मांडून ठेवलेला नग मागायचा, कारण त्याला दहा जणांनी हात लावलेला असतो आणि दुकानदाराला त्याचा कंटाळा आलेला असतो. फ्रिज असला तर दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं. पट्टी सहज निसटली तर तो फ्रिज गार करण्याऐवजी स्वयंपाकघरालाच गारवा देणार. कान लावून मोटारीचा आवाज ऐकायचा. वीज किती खातो ते चिकटवलेल्या कागदावर बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वस्तू आधी मागून बघायची.

"पुढून सगळेच चांगले दिसतात," तो म्हणे. "माणूस असो नाहीतर कपाट."

पण हे सगळे नियम झाले की शेवटी एक हुकमी पान राहत असे, आणि ते पान म्हणजे वहिनीचा उजवा गाल.

उजव्या कानापासून खाली गळ्यापर्यंत वहिनीची कातडी भाजून आक्रसलेली होती... ओला कागद चुरगळून पुन्हा पसरावा, तशी. घरात पाहुणे आले की तिने डाव्या बाजूने बसायचं असा नियम होता. फोटोत तिला नेहमी रांगेच्या एका टोकाला उभं करत आणि छायाचित्रकार काही बोलायच्या आत सासूबाई तिची हनुवटी वळवत. मात्र दुकानात गेलं की उलट. तिथे पारख्याचं घासाघिशीचं बोलणं अडलं, दुकानदार हटून बसला, की पारखी हळूच स्वतःचा उजवा गाल खाजवी. ती खूण होती. मग वहिनीने उजेडाकडे, उजवीकडून वळायचं. बोलायचं काही नाही. फक्त उभं राहायचं.

दुकानदार नजर खाली घालत. आवाज मऊ होत. "ठीक आहे, वहिनींसाठी करतो," असं म्हणत ते भाव सोडत. पारख्याने यातही अभ्यास केला होता. जे एकटक बघतात ते थोडं सोडतात, आणि जे पटकन नजर वळवतात ते पुष्कळ सोडतात, हे त्याने ताडलं होतं. घरी आल्यावर तो वहिनीचं कौतुकही करी. "तुझ्यामुळे मिळालं हो!" असं तो अगदी मनापासून म्हणे. त्याच्या लेखी त्यात वावगं काहीच नव्हतं. एक वस्तू घरात आहे, पोचा आलेला आहे, तो दुरुस्त होणार नाही. मग त्याचा उपयोग करून घेण्यात शहाणपण नाही तर काय?

फ्रिजच्या दुकानातही तसंच झालं होतं. जुना फ्रिज शेवटचा आचका देऊन थंड व्हायचा थांबला, आणि नेमकं धाकटीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांचं आपसात केव्हाच जमलेलं. आता त्याचे आईवडील घरी येऊन खर्चाची बोलणी करणार होते. उन्हाळा होता, आणि पाहुण्यांपुढे कोमट पाणी ठेवणं पारख्याच्या अब्रूला परवडणारं नव्हतं. म्हणून तो वहिनीला घेऊन दुकानात गेला, एका बाजूला पोचा आलेला, बाकी ठणठणीत असा नग त्याने शोधला, मागे जाऊन वाकून जाळी पाहिली, मोटारीला कान लावला, पोचा डाव्या अंगाला आहे हे मनात पक्कं केलं, कारण घरातला कोपराही डाव्या भिंतीचा होता. मग पुढे येऊन त्याने गाल खाजवला.

तो विक्रेता पोरगेला होता. वहिनीकडे पाहून त्याने डोळे इतक्या झटकन खाली घातले, की बिचाऱ्याला मोटारीची वाढीव हमी फुकट देऊनच चैन पडली. निघताना तो हळूच वहिनीला म्हणाला, "जपा, ताई." आणि ते दोन शब्द ऐकून वहिनीच्या अंतःकरणात काहीतरी असं कळवळून उठलं, की रस्ताभर तिला समोरचं नीट दिसेना... कितीतरी वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि ज्याने म्हटलं त्याला आपण लुबाडून निघालो होतो!

आणि आता फ्रिज कोपऱ्यात उभा होता, पोचा बाहेर काढून. पारखी त्याच्याभोवती फिरला, मागे डोकावला, पुढे आला, पुन्हा मागे गेला, आणि त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. त्याने पोचा मागून पाहिला होता. मागून जे डावं, ते पुढून उजवं. आयुष्यभर वस्तू मागून बघण्याची ही शिक्षा होती. पण हे कबूल करायचं तर कुणापाशी? तो एवढंच म्हणाला, "दुकानात वहिनी पुढे उभी होती. तिने सांगायला हवं होतं."

"लक्षच नसतं तिचं," सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तरी कुठे होतं?"

'त्या दिवशी' म्हणजे कुठल्या, हे कुणी विचारलं नाही. या घरात तो एकच दिवस होता.

लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा. सासूबाई बाहेर गेल्या होत्या, पारखी कामावर. धाकटी तेव्हा अगदी लहान, बाहुल्यांना चहा करून द्यायचं खूळ डोक्यात घेतलेली. तिने स्टुलावर चढून शेगडी पेटवली आणि शेजारच्या खुंटीवरचा फडका ज्योतीवर लोंबत आला. वहिनी धावली तेव्हा पोरीच्या झग्याला आग लागायला एक वीतही उरली नव्हती. वहिनीने पेटता फडका स्वतःच्या अंगावर ओढून घेतला... आणि ओरडली ती फक्त एवढंच, की डोळे मीट, मी सांगेपर्यंत उघडू नको!

पोरीने डोळे मिटले. म्हणून तिला फार दिसलं नाही. ऐकू मात्र सगळं आलं.

दवाखान्यात जायच्या आधी, वहिनीच्या अंगाची लाही होत असताना, धाकटी तिच्या पायाला मिठी मारून एकच घोकत होती, की दादाला सांगू नको, दादा मारेल. पारख्याचा हात तेव्हा तसा सैलच होता. वहिनीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वचन दिलं. मग सगळ्यांना तिने सांगितलं, फडका माझ्याच हातून शेगडीवर राहिला, माझंच लक्ष नव्हतं. पारख्याने शेगडी तपासली, खुंटी तपासली, फडक्याचा जळका तुकडा तपासला, आणि सवयीने निकाल दिला... स्वतःचा निष्काळजीपणा. दावा बाद.

लहान मुलीला दिलेलं वचन. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, पण वचन काही मोठं झालं नाही. ते होतं तेवढंच राहिलं, आणि वहिनी ते पदराखाली घेऊन जगत आली. सुरुवातीला धाकटी तिच्या कुशीत झोपायला येई. पुढे येईनाशी झाली. पुढे पुढे तर ती वहिनीच्या उजव्या बाजूला बसेनाशीही झाली; ताट घेऊन मुद्दाम वळसा घालून डावीकडे बसे. ज्याचं ऋण फेडता येत नाही त्याच्या तोंडाकडे माणसाला पाहवत नाही, हे वहिनीला समजत होतं. तिची एकच आस होती. सगळ्यांना सांगितलं नाही तरी चालेल, पण एकदा, एकदाच या पोरीने आपल्यापाशी येऊन म्हणावं, वहिनी, मला आठवतंय...

पण ती वर्षं तशीच गेली, आणि आता धाकटी सासरी चालली होती.

पाहुण्यांच्या दिवशी पोच्याचं काय करायचं, यावर घरात बराच खल झाला. सासूबाईंनी वरून चादर टाकायचं सुचवलं. पारखी म्हणाला, फ्रिजला ताप आलाय असं वाटेल. फ्रिज दुसऱ्या भिंतीला न्यायचा तर तिथे विजेचं बटण नव्हतं. शेवटी पारख्यालाच सुचलं, आणि सुचल्याबरोबर तो इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. वहिनीने फ्रिजला उजवा खांदा टेकून उभं राहायचं. बाहेरच्या खोलीतून पाहणाऱ्याला पोचा तिच्या आड जाईल, आणि तिचा उजवा गाल फ्रिजच्या आड जाईल.

"एकाच जागी दोन्ही झाकलं!" तो म्हणाला. त्याने वहिनीला तिथे उभी करून बाहेरून पाहिलं, जरा पुढे, जरा मागे, हं, तशीच राहा... आणि एखाद्या कारागिराने आपल्या कामाकडे पाहावं तसा समाधानाने पाहत राहिला. "बघ आई, कसं चपखल बसलं. देवाने जणू मापानेच पोचे दिलेत."

सासूबाई हसल्या. धाकटीने आत जाऊन दार लावून घेतलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मुलाची आई जाड चष्म्याची, सगळीकडे कुतूहलाने बघणारी. वहिनी ठरल्या जागी फ्रिजला टेकून उभी राहिली. खांद्याला मोटारीची थरथर लागत होती, आणि तिला वाटलं, हे एक यंत्र बिचारं, आपल्यासारखंच काही न बोलता आतून सगळं गार ठेवत उभं आहे.

बाहेर बोलणी सुरू झाली. सुरुवातीची गोडी ओसरली आणि गाडी हॉलच्या भाड्यावर येऊन अडली. मुलाचे वडील म्हणत होते, खर्च अर्धा अर्धा. पारखी म्हणत होता, मुलीकडच्यांची माणसं कमी, तेव्हा हिस्साही कमी. मुलाचे वडील निवृत्त झाले असले तरी बँकेतले होते, ते हलेनात. आवाज हळूहळू कोरडे होत चालले होते... आणि तेवढ्यात पारख्याने हाक मारली, "अगं, पाणी आण जरा. गार."

वहिनीने चमकून पाहिलं. पाणी धाकटीने न्यायचं ठरलं होतं. तिने दारातून बाहेर नजर टाकली, तर पारखी खुर्चीत रेलून बसला होता आणि हळूच, अगदी हळूच, स्वतःचा उजवा गाल खाजवत होता.

घरात त्याने ही खूण कधीच केली नव्हती. इथे विकायला काय आहे, हेच तिला कळेना. पण हुकूम पाळायची सवय हाडात मुरलेली. तिने ट्रे उचलला, आणि खिडकीच्या उजेडाकडे उजवा गाल करून ती बाहेर गेली.

मुलाच्या आईने चष्मा सरळ केला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग धाकटी उठली.

"काकू," ती म्हणाली, "वहिनीचं हे... हे माझ्यामुळे झालंय."

ट्रेवरचे पेले एकमेकांवर आपटले. धाकटी सांगत होती, लहानपणी मी शेगडी पेटवली, फडका पेटला, वहिनीने तो स्वतःवर ओढला, आणि मी वाचले. तिचा आवाज आधी पाठ केल्यासारखा सपाट होता. मग मध्येच कुठेतरी तो फाटला.

"ती मला म्हणाली, डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडू नको. मी मिटले. आणि ती जळताना मी एकदाही..." तिने वहिनीच्या गळ्यात हात टाकले, थेट उजव्या बाजूला तोंड खुपसलं, आणि ज्या कातडीला कितीतरी वर्षांत कुणाचा स्पर्श झाला नव्हता त्या कातडीवर तिची आसवं ओघळू लागली... कढत, खारट, खरीखुरी! वहिनीला वाटलं, आता या क्षणी डोळे मिटले तरी आयुष्याकडे काही मागणं उरलेलं नाही.

मुलाच्या आईने पदर डोळ्यांना लावला. मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, की ज्या घरात अशी माणसं आहेत त्या घराशी हिशेब करणं बरं नाही. हॉलचं आम्ही बघतो. गार पाणी सगळ्यांनी घेतलं, आणि ते फार चांगलं गार होतं. पोच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

पाहुण्यांची रिक्षा वळली, दार लागलं, आणि पारखी खुर्चीतून उसळलाच.

"काय बोललीस, धाकटे! मी तुला नुसता सांगाडा दिला होता, तू त्यात जीव ओतलास! वहिनीने वाचवलं म्हणून सांग, बास, एवढंच म्हटलं होतं मी. आई, अगं हॉल फुकट!"

वहिनीच्या हातात रिकामे पेले होते. ते तिने टेबलावर ठेवले, आणि टेबल आखूड पायावर कलंडलं. म्हणजे हे त्याने शिकवलं होतं तर... त्याने बसून रचलं होतं, पोरीकडून पाठ करून घेतलं होतं, आपल्याला आयुष्यभर हवी होती ती गोष्ट त्याने थाप म्हणून बनवली होती आणि ती हॉलच्या भाड्याला विकली गेली होती. आणि सगळ्यात क्रूर गंमत ही, की थाप मारता मारता त्या शहाण्या माणसाने, आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी चुकून, खरं काय ते सांगून टाकलं होतं.

"पण ते 'डोळे मीट'," पारखी हसत म्हणाला, "ते तुला कुठून सुचलं? ते तर मी सांगितलंच नव्हतं."

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे अजून सुजलेले होते.

"सुचलं नाही, दादा," ती म्हणाली. "तसंच झालं होतं."

पारखी आणखी मोठ्याने हसला. पाहुणे गेलेत, आता पुरे, म्हणाला. एवढी रंगात आलीस तर नाटकात काम कर, म्हणाला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. धाकटीने वहिनीकडे पाहिलं, आणि सरळ पाहिलं, उजवीकडे.

"वहिनी, तू सांग ना यांना."

वहिनीला ते सहज टाळता आलं असतं. 'माझंच लक्ष नव्हतं' हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभंही राहिलं होतं. पोरीचं लग्न तोंडावर आहे, सासूबाई तिला बोलतील, पारखी भडकेल... या सगळ्यातून पोरीला वाचवायचं तर अजून एकदा फडका अंगावर ओढून घ्यायचा, एवढंच. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान हलवली. नको, असं तिने ओठांनीच म्हटलं.

"हो," वहिनी म्हणाली. "तसंच झालं होतं."

सासूबाई उठल्या. फोटोच्या वेळी जी हनुवटी त्या हमखास डावीकडे वळवत, ती त्यांनी दोन बोटांनी धरली आणि उजवीकडे, उजेडात वळवली. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "मी तुला किती बोलले..." आणि त्यांनी त्या जळक्या गालावरून एकदा हात फिरवला, जणू त्यावरची धूळ पुसायची राहून गेली होती.

पारखी मधोमध उभा होता. त्याच्या मनात काहीतरी जुळत होतं, तुटत होतं; शेगडी, खुंटी, जळका फडका, बाद केलेला दावा. एक क्षण असा आला की त्याचे डोळेही भरल्यासारखे झाले. वहिनीने श्वास रोखला. या एका क्षणासाठी ती इतकी वर्षं...

"अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?" पारखी कळवळून म्हणाला. "किती ठिकाणी कामाला आलं असतं!"

तो आळीपाळीने तिघींकडे बघत राहिला. आपण काय चुकीचं बोललो, हे त्याला खरंच कळलं नाही. त्याचा स्वभाव वाईट नव्हता, त्याने सगळं फक्त मागून पाहिलेलं होतं.

वहिनी आत गेली आणि पेले विसळू लागली. मागोमाग धाकटी आली. ती फ्रिजशी उभी राहिली, पोच्यावर तळहात ठेवून, आणि लहानपणी बोलायची तशा बारीक आवाजात म्हणाली, "वहिनी, तू मला उघड म्हणाली नाहीस कधी."

"काय?"

"डोळे. मी सांगेपर्यंत उघडू नको म्हणाली होतीस. मग सांगितलंच नाहीस."

वहिनीच्या हातातला पेला निसटला नाही; तिने तो नीट उपडा ठेवला. मग ओले हात पदराला पुसले, धाकटीचं तोंड ओंजळीत धरलं, आणि म्हणाली, "उघड, राणी."

दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. एवढंच त्या घरातलं सुख. त्याला दुसरं काही नाव नाही.

धाकटीचं लग्न झालं, हॉल मोठा होता, आणि फोटोत वहिनी मध्ये उभी आहे. पारख्याने पोच्यावर एक चित्र चिकटवलं होतं, ते वहिनीने काढून टाकलं. पावसाळा संपता संपता कपडे धुण्याच्या यंत्रांवर सवलत लागली आणि पारख्याने चपला घालत हाक दिली, "चल गं."

"येते," वहिनी म्हणाली. "पण डावीकडून उभी राहीन."

पारखी चप्पल घालायचा थांबला. मग तो एकटाच गेला. दुकानात त्याने रबर तपासलं, आवाज ऐकला, मागे जाऊन पाहिलं, पुढे येऊन घासाघीस केली, दुकानदार हटून बसला तेव्हा सवयीने आपला गाल खाजवला... आणि शेजारी कुणीच नव्हतं. दुकानदाराने विचारलं, डास चावला का.

यंत्र घरी आलं ते पूर्ण किमतीचं. हमालांनी पुठ्ठा काढला. पारखी मोजपट्टी घेऊन त्याच्याभोवती फिरला, टॉर्च मारून मागे पाहिलं, बोटाने कडा चाचपल्या. कुठे ओरखडा नव्हता, कुठे पोचा नव्हता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, हरवल्यासारखा, आणि शेवटी, त्या घरात पहिल्यांदाच, त्याने बायकोला विचारलं, "यातली कुठली बाजू भिंतीला लावायची गं?"

वहिनी खिडकीत बसून भाजी निवडत होती, उजेडाकडे उजवा गाल करून. तिने वर न बघताच सांगितलं, "कुठलीही."